साखळ्यांची झोळी

उतारावरच्या बसथांब्याजवळचा तो डांबरी उंचवटा तुम्ही बांधलात. तुम्हीच, रस्ते खात्याने. त्याला पांढरे पट्टे मारले नाहीत, अलीकडे पाटी लावली नाही. काळ्या रस्त्यावर काळा उंचवटा, वरून झाडाची सावली. आणि त्यावरून आमची म्हैस उडाल्यावर तुमचा माणूस गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "नशीब थोर तुमचं."

नशीब? त्या सकाळी नशीब कुठे झोपलं होतं ते मला ठाऊक नाही. आमची वहिनी मात्र पिकअपच्या मागे जमिनीवर उताणी पडून साखळ्या लावत होती. मी तिथेच उभा होतो, म्हणून सांगतो.

म्हैस म्हणजे आमचा कंप्रेसर. काँक्रीट फोडायच्या हातोड्याला हवा पुरवणारं ते धूड दोन चाकांवर असतं आणि पिकअपच्या मागे जोडून न्यावं लागतं. रंगाने पिवळा, पण सुरू झाला की असा हंबरतो की घरात त्याला दुसरं नाव कुणी घेत नाही. घर त्याच्यावर चालतं. चालवायचा दादा. त्याची कंबर धरली, डॉक्टरांनी अंथरुणाला खिळवला, आणि प्रश्न आला की म्हैस आता कोण हाकणार. मला गिअर टाकता येतो, पण मागे वजन असलं की माझे हातपाय गळतात. चुलतभाऊ तर टपूनच होता, रोज फोन, "अण्णा, विकताय का?"

वहिनी म्हणाली, "मी नेते."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "एक खेप. मी शेजारी बसणार. सुखरूप पोचवलीस तर म्हैस तुझी. जरा जरी गडबड झाली तर उद्या पुतण्याच्या दारात बांधतो."

"बांधा," वहिनी म्हणाली. "पण आधी मला नीट बांधू द्या."

वाद तिथेच पेटला. म्हशीच्या पुढे लोखंडी दांडा आहे, त्याच्या टोकाला टोपीसारखी वाटी. ती पिकअपच्या मागच्या गोळ्यावर बसते, खटका दाबायचा, खटक्यात पिन घालायची. झाली जोडणी. शिवाय दांड्याला दोन साखळ्या, जोडणी सुटलीच तर धरायला. आता आमच्याकडे त्या कशा होत्या ते ऐका. समोरच्या मास्तरीणबाई सकाळी खळखळाट होतो म्हणून भांडायला यायच्या, म्हणून अण्णांनी दोन्ही साखळ्यांना पीळ घातला, वर जुन्या टॉवेलची चिंधी गुंडाळली आणि गोळ्याच्या पट्टीवरच्या एकाच हुकात दोन्ही कोंबल्या. आवाज बंद. मास्तरीणबाई खूश. साखळ्या कामाच्या आहेत हे घरातले सगळे विसरून गेले.

वहिनीने चिंधी सोडली. अण्णा तडकले.

"अगं, तुझं लग्न व्हायच्या आधीपासून त्या तिथेच आहेत!"

"म्हणून बरोबर झाल्या का अण्णा? गोळ्याची पट्टीच उखडली तर हूकही तिच्याबरोबर जाणार. मग साखळ्या धरणार कुणाला, वाऱ्याला? आणि पीळ घातलेली साखळी झटका बसला की बांगडीसारखी फुटते."

"कुठून शिकलीस हे?"

"माहेरी काय फक्त पोळ्या लाटत होते का? बाबांची ट्रॉली होती."

ती पिकअपखाली सरकली. गाडीच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंना जाड कड्या होत्या. इतकी वर्षं अण्णा त्यांना फक्त ताडपत्रीची दोरी बांधायचे. तिने साखळ्यांचा पीळ उलगडला. दांड्याच्या डाव्या अंगाची साखळी दांड्याखालून उजव्या कडीला, उजवीची डाव्या कडीला. हुकांची तोंडं खट्‌कन बंद केली आणि हिसडा देऊन पाहिला.

"ही कात्री कशाला?" अण्णा वरून ओरडले.

"कात्री नाही, झोळी आहे. दांडा सुटलाच तर रस्त्यात नाक खुपसायच्या आत हिच्यात पडेल. सरळ लावल्या तर मधून खाली जातो, जमिनीत रुततो आणि म्हैस कोलांटी मारते."

"मग अंगाई पण म्हण तिला."

"तुम्ही म्हणा. तुमचा आवाज तिच्यासारखाच आहे."

मी हसलो. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की हसू गिळलं.

एवढ्यावर ती थांबली नाही. "भाऊजी, बसा गाडीत. स्टिअरिंग पूर्ण फिरवा आणि हळूहळू पुढे घ्या." मी गल्लीत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. ती वाकून बाहेरच्या बाजूची साखळी बघत होती. "वळताना ताणली गेली तर तुटेल नाहीतर कडी उपटेल. फार ढिली सोडली तर रस्त्याला घासून झिजेल." मग साखळी आणि रस्ता यांच्यामध्ये तिने मूठ उभी घालून बघितली. "आता ठीक."

गोळा आणि खटका मात्र अण्णांनी सोडला नाही. "त्याला हात लावायचा नाही. ते माझं." वळवताना बसवलेला खटका त्यांनी उघडून परत दाबला. तेवढ्यात कामावरच्या मुकादमाचा फोन आला, कुठे अडकलात म्हणून. वहिनी फोन कानाला लावून ओरडली, "अण्णा, पिन?"

"हो हो. चला आता, दुपार करताय का?"

निघालो. वहिनी स्टिअरिंगवर, अण्णा खिडकीशी, मी दोघांच्या मध्ये पापड होऊन. रस्ताभर अण्णांचं चालू. हळू घे. इतकी हळू नको, मागचे शिव्या देतायत. आरसा बघ. आरशात काय बघतेस, पुढे बघ. वहिनी फक्त "हं" म्हणायची. उतार लागला तशी तिने गिअर खाली घेतला. खाली बसथांबा दिसत होता. गर्दी होती. ऑफिसला जाणारे, एक बाई कडेवर बाळ घेऊन, कुणीतरी टिफिनची पिशवी दोन पायांत धरून पेपर वाचत होतं.

आणि थांब्याच्या थोडं अलीकडे तुमचा उंचवटा.

दिसलाच नाही. पुढची चाकं उडाली, माझं डोकं टपाला आपटलं, मागची चाकं उडाली, आणि त्यापाठोपाठ मागे लोखंडावर लोखंड आदळलं. थांब्यावरून कुणीतरी किंचाळलं, "सुटली!"

मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. म्हशीची वाटी गोळ्यावरून उडाली होती. म्हैस आणि आमच्यामध्ये आता त्या साखळ्यांशिवाय काही नव्हतं. एवढं वजन, उतार, आणि खाली उभी माणसं.

अण्णा ओरडले, "ब्रेक मार! ब्रेक!"

वहिनीने कचकन ब्रेक मारला नाही. मारला असता तर म्हैस आमच्या पाठीत घुसली असती आणि तिथून आडवी होऊन थांब्यात. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरलं, पाय अलगद टेकवला, उचलला, परत टेकवला. मागून खणखणाट चालला होता. दांडा साखळ्यांवर आपटत होता, पण रस्त्याला टेकत नव्हता. म्हैस जरा डावीकडे झुकली की एक साखळी ताणायची, उजवीकडे झुकली की दुसरी. बसथांबा आमच्या बाजूने गेला, एकेक चेहरा दिसेल इतका हळू. ती बाळ घेतलेली बाई मागे सरकायचंही विसरली होती. थांब्याच्या पुढे, शिंप्याच्या दुकानासमोर गाडी थांबली. मागून म्हशीने हलकेच एक ढुशी दिली आणि तीही थांबली.

मग शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर आला आणि खाली वाकून बघायला लागला. त्याच्या मागे अख्खा थांबा. "अरे, लटकलीय बघ झोळीत!" कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळेच वाजवू लागले. कडेवरचं बाळसुद्धा वाजवायला लागलं.

अण्णा उतरले. गुडघे दुखतात म्हणून ते देवासमोरही वाकत नाहीत. ते रस्त्यावर बसले आणि दांड्याखाली हात घातला. दांडा दोन साखळ्यांच्या फुलीवर टेकला होता. मग त्यांनी हळूच खिशात हात घातला आणि पिन बाहेर काढली. सगळ्यांच्या समोर.

"ही माझ्याकडेच राहिली," ते म्हणाले. "खटका बसला असं मला वाटलं. चूक माझी आहे. हिने सगळं नीट केलं होतं."

आमच्या अण्णांच्या तोंडून हे शब्द आम्ही जन्मात ऐकले नव्हते. वहिनी गाडीतून उतरून शेजारी आली होती. अण्णांनी पिन तिच्या तळहातावर ठेवली.

"यापुढे तूच लाव."

लोकांनी हात लावला, जॅक लावला, दांडा उचलून परत गोळ्यावर बसवला. वहिनीने खटका दाबला, पिन घातली, वाटी वर ओढून पाहिली, मग साखळ्यांची कडी न् कडी तपासली. एक वाकली होती, पण तुटली नव्हती. तेव्हा तुमच्या खात्याच्या गाडीतून तुमचा माणूस आला. काच अर्धी खाली करून त्याने ते नशिबाचं वाक्य टाकलं.

वहिनी त्याच्या खिडकीशी गेली. "साहेब, नशिबाला कड्या कुठे असतात हो? दाखवा, पुढच्या वेळी तिथेच अडकवते."

सगळा थांबा हसला. काच वर गेली.

आम्ही कामावर पोचलो. मुकादम काही बोलणार तेवढ्यात वहिनीने कंप्रेसर चालू केला आणि त्याचं बोलणं म्हशीच्या हंबरण्यात बुडालं. अण्णा मातीच्या ढिगावर राजासारखे बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत राहिले, "ती चालवतेय ना, ती आमची सून." संध्याकाळी घरी पोचलो तर चुलतभावाचा फोन. दादाने अंथरुणातूनच स्पीकर लावला.

"अण्णा, काय ठरलं? देताय ना म्हैस?"

"म्हैस दुभती आहे," अण्णा म्हणाले. "आणि धार काढणारी घरात आहे. ठेव फोन."

दादा इतका हसला की कंबरेत कळ आली, तरी हसतच राहिला.

हे आमचं झालं. आता तुमचं. आमच्या म्हाताऱ्याचा अहंकार घराच्या छपराला टेकतो, तरी तो भर रस्त्यात खाली बसून म्हणाला की चूक माझी. तुमच्या कचेरीत मी गेलो. एकाने सांगितलं, हे काम दुसऱ्या विभागाचं. दुसऱ्याने सांगितलं, असा गतिरोधक आमच्या नोंदीतच नाही. नोंदीत नाही, पण रस्त्यात आहे! परवा एका सायकलवाल्याचे दात तिथे पडले. त्याच्यामागे कुठली झोळी बांधायची होती?

मला सांत्वन नको, चहा नको, "बघतो" नको. तो उंचवटा कुणी बांधायला सांगितला, आणि त्याच्यावर पट्टे मारायचं काम कुणाचं होतं? माणूस सांगा. अण्णांसारखा बसथांब्यासमोर उभा करा आणि त्याच्या तोंडून ऐकवा. कधी ऐकवताय?