सपाट बेट

मोजणीदारानं टेपचं टोक बाथरूमच्या चौकटीत दाबून धरलं, टेप ताणली आणि आकडा वाचला. मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचला. छत्तीस इंच. बायकोची चाकाची खुर्ची पंचवीस इंचांची. हॉटेलनं छत्तीस कळवले होते आणि दार खरोखरच छत्तीस निघालं, हे काही केल्या त्याच्या पचनी पडेना.

“किती?” बायकोनं खोलीतून विचारलं.

“बरोबर आहे,” एखादी वाईट बातमी सांगावी तसा तो म्हणाला.

एकवीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्यावर त्याची खात्री पटली होती की कागदावरचा आकडा आणि जागेवरचा आकडा यांची गाठ कधी पडतच नाही. म्हणून या सहलीआधी तीन महिने त्यानं हॉटेलला पत्रं धाडून भंडावून सोडलं होतं. धक्का किती उंच, वाट कशाची, वळणावर खुर्ची फिरते का, पलंग जमिनीपासून किती. एवढंच नव्हे, तर तक्रारीचं दोन पानी पत्रही तो घरूनच लिहून घेऊन आला होता. त्यात फक्त आकडे भरायचे बाकी होते. पण विमानतळावर खुर्ची धडधाकट हातात आली. बोटीला फळी होती आणि ती रुंद होती. धक्क्यापासून खोलीपर्यंत एक उंबरठा नाही, एक खड्डा नाही. एवढ्या समुद्रात नारळाची झाडं लावलेला कॅरमबोर्ड ठेवावा, तसं ते बेट.

शेवटची आशा म्हणून त्यानं भिंतीतली आधाराची दांडी दोन्ही हातांनी धरली, पाय वर घेतले आणि लोंबकळून बघितलं.

“बाबा माकड,” टिकली म्हणाली. टिकली त्यांची मुलगी. वय अडीच, उंची टेपनुसार पस्तीस इंच.

“निघाली का?” बायकोनं विचारलं.

“नाही.”

“अरेरे,” बायको म्हणाली आणि खुर्ची फिरवून खिडकीतून समुद्र बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याला डुलकी लागली. करण्यासारखं काही नसलं की माणूस झोपतो. जाग आली तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज होता, आणि तेवढाच होता. बायको नव्हती, खुर्ची नव्हती, टिकली नव्हती. त्यानं बाथरूम बघितलं, गॅलरी बघितली आणि वाकून पलंगाखालीही बघितलं. खुर्चीसकट बायको पलंगाखाली मावणार कशी, हे त्याला सरळ उभं राहिल्यावर सुचलं.

अपघाताला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत ती कुठल्याही दारातून त्याच्याशिवाय बाहेर पडलेली नव्हती. पडणार तरी कशी? घर तळमजल्यावर, पण इमारतीच्या दारात तीन पायऱ्या. रोज सकाळी तो खुर्ची मागं कलती करायचा आणि धप्, धप्, धप् अशी तिला खाली उतरवून शाळेत सोडायचा. ती तिथं रसायनशास्त्र शिकवायची. संध्याकाळी उलटा क्रम. तो मोजणीला बाहेरगावी गेला, की ती रजा टाकून घरात. समोरच्या खिडकीतल्या मावशी हा सोहळा न चुकता बघायच्या.

“नवरा असावा तर असा,” त्या म्हणायच्या.

“त्यात काय,” तो म्हणायचा. पण म्हणताना जरा थांबायचा, म्हणजे ते आणखी कोणी बघत असेल तर त्यालाही ऐकू जावं.

तो चपला न घालताच रिसेप्शनवर धावला. तिथली बाई खोल्यांच्या किल्ल्या लावून ठेवत होती.

“माझी बायको!”

“त्या ना? गेल्या की. तास झाला.”

“कोणाबरोबर?”

“बाळाबरोबर.”

“ढकलत कोण होतं?”

बाईनं जरा आठवून बघितलं. “कोणीच नाही. त्यांचं त्याच चालल्या होत्या. चांगला वेग आहे हो त्यांना. बाळ मांडीवर बसून पीं पीं करत होतं.”

समोर समुद्र होता, बाजूला तरणतलाव होता, आणि वाट इतकी गुळगुळीत होती, की खुर्ची एकदा सुटली तर थेट पाण्यातच थांबावी. तो आधी तलावाकडं पळाला. तिथं एक जाडजूड गृहस्थ पाठीवर तरंगत होते, बाकी कोणी नाही. मग धक्क्यावर गेला. मग ‘टिकलीऽ’ अशी हाक मारत हॉटेलच्या मागं वळला आणि लाकडाच्या भुशाचा वास आला.

पत्र्याच्या शेडमध्ये हॉटेलचा सुतार फळीला रंधा मारत होता. पन्नाशीचा, कानामागं पेन्सिल. टिकली खाली बसून लाकडाच्या कुरळ्या साली केसांत खोचत होती. आणि बायको शेडच्या तोंडाशी, खुर्चीत, मांडीवर एक कागद घेऊन, फोन हातात. घामानं कपाळावरचे केस चिकटले होते. इतकी तरतरीत ती त्याला बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती.

“अगं, काय हे! सांगून जायचं ना! माझा जीव गेला होता.”

“झोपला होतास.”

“उठवायचं!”

“कशाला?” तिनं विचारलं. खरंच विचारलं. उत्तरासाठी ती थांबलीही.

सवयीनं तो तिच्या मागं गेला आणि त्यानं खुर्चीच्या मुठी धरल्या.

“थांब,” बायको म्हणाली. “इकडं पुढं ये. हे बघ.”

कागदावर सुतारानं पेन्सिलीनं तीन पायऱ्या काढल्या होत्या आणि त्यांच्यावरून एक लांब तिरकी रेघ.

“यांना मी आपल्या पायऱ्यांचं विचारलं,” ती म्हणाली. “प्रत्येकी सहा इंच, तीन पायऱ्या. म्हणतात, अठरा फूट उतार लागेल.”

“एका इंचाला एक फूट,” सुतार रंधा न थांबवता म्हणाला. “सोपं आहे. दोन माणसं असली तर दुपारभराचं काम.”

“जागा बसत नाही तिथं,” मोजणीदार म्हणाला. हे वाक्य त्याला पाठ होतं. “मी मोजलंय ना. तुला सांगितलंय मी.”

“किती आहे?”

“काय?”

“जागा. दारापासून फाटकापर्यंत.”

“आता नेमकं... चौदा, पंधरा फूट असेल.”

“बावीस,” बायको म्हणाली. “अंगणात एक फुटाची फरशी आहे. तू गाडी लावून येईपर्यंत मी रोज तिथं बसलेली असते, अरे. दुसरं मोजायला काही नाही तिथं.”

रंधा थांबला. सुतारानं फळी उचलली, तिच्या कडेकडं एक डोळा मिटून बघितलं आणि ती घेऊन तो शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. तिथं त्याला नेमकं काय काम निघालं होतं, ते दिसत नव्हतं.

“जागेचं सोड,” मोजणीदार घाईनं म्हणाला. “जागा काढली असती आपण कशीही. पण सोसायटी? सेक्रेटरीकाका दोन वर्षं परवानगीच देत नाहीत, तर—”

“त्यांना फोन केला मी.”

मोजणीदार उन्हातून सरकून शेडच्या सावलीत आला.

“इथून?”

“इथून. म्हटलं, इथली माणसं एवढं सगळं करू शकतात, तर यांचं घोडं कुठं अडलंय, विचारावं एकदा. चांगली भांडायच्या तयारीनंच लावला फोन. पहिली दोन मिनिटं मीच बोलत होते. त्यांना बोलूच दिलं नाही.”

“मग?”

“मग ते म्हणाले, बेटा, अर्ज कुठला?”

टिकलीनं एक साल बापाच्या पायावर ठेवली आणि ती तिथं राहते का, ते वाकून बघितलं.

“म्हणाले, अर्ज आला असता तर पहिली सही माझी असती. म्हणाले, तुझ्या मिस्टरांना मी स्वतः दोनदा विचारलं, रॅम्प करायचा का. ते म्हणाले, नको काका, मी आहे ना.” बायकोनं कागदाची घडी घातली. “म्हणालास?”

अर्ज मोजणीदारानं लिहिला होता, हे खरं होतं. कपाटाच्या खणात होता, सोबत नकाशाही होता, अगदी मापात. आधी त्यातला एक शब्द त्याला पटला नव्हता म्हणून राहिला. मग मोजणीचा हंगाम आला म्हणून राहिला. मग एका सकाळी धप् धप् धप् झाल्यावर मावशी पलीकडच्या नव्या सुनेला खिडकीशी बोलावून म्हणाल्या होत्या, “बघ, बघून घे,” आणि त्या दिवशी संध्याकाळी खण उघडून त्यानं अर्ज फायलींच्या खाली सरकवला होता. हे सगळं आत्ता, या भुशाच्या वासात, त्याच्यासमोर असं धडधडीत उभं राहिलं की तो स्वतःच हादरला. आपण हे केलं? एकवीस वर्षांत त्यानं कोणाची बांध कोरायची चोरी खपवून घेतली नव्हती.

“मी...” तो म्हणाला. “तू पडशील अशी मला—”

“खोटं बोलू नकोस रे आता. ऊन आहे.”

त्यानं पायावरची साल उचलून टिकलीला परत दिली.

“मला तुझा राग येईल बहुतेक,” बायको म्हणाली. “अजून आला नाही. सध्या सेक्रेटरीकाकांपुढं माझीच मला लाज वाटतेय. दोन वर्षं तो माणूस मला रोज नमस्कार करतोय आणि दोन वर्षं मी तोंड फिरवून जातेय. म्हणजे तू ढकलशील तसं, पण तोंड फिरवून.” ती हसली. पण पुढच्याच क्षणी ते हसू असं पुसलं गेलं की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “फोन काढ. लिही.”

त्यानं खिशातून फोन काढला आणि तो तिथंच, भुशात, मांडी घालून बसला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. अर्जदाराचं नाव. तिचं. विषय, मुख्य दाराशी रॅम्प बांधण्याबाबत. लांबी अठरा फूट, उपलब्ध जागा बावीस फूट.

“कारण?” त्यानं मान खाली घालून विचारलं. “कारण लिहावं लागतं.”

तिनं समुद्राकडं बघितलं. दुखणं, अपघात, कायदा, कलम, सगळं तिला पाठ होतं. एका वर्गात साठ मुलांना ती धातू आणि अधातू समजावून सांगायची.

“लिही,” ती म्हणाली, “मला बाहेर जायचं असतं.”

त्यानं लिहिलं. फोन तिनं मागून घेतला, एकदा वाचला, त्याचा एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि पाठवून दिला.

उत्तर यायला चार मिनिटं लागली. सेक्रेटरीकाकांनी लिहिलं होतं की गवंडी सोमवारी येईल, कठडा डावीकडं हवा की उजवीकडं ते कळवावं, आणि बाळाला पाण्याजवळ सांभाळा. मोजणीदारानं ते वाचलं आणि दोन वर्षांत चार मिनिटं किती वेळा येतात, याचा नकळत हिशेब करायला लागला. मग त्यानं तो सोडून दिला.

“उजवीकडं,” बायको फोनमध्ये टाइप करत म्हणाली. त्याला विचारलं नाही.

सहलीचे अजून चार दिवस बाकी होते.

परतताना बायको पुढं होती, तिच्या मांडीवर टिकली, आणि मागं तो, अनवाणी. वाट तापली होती, म्हणून तो कडेच्या गवतावरून चालत होता. हातांचं काय करावं, ते त्याला कळेना. आधी ते मागं बांधले, मग पुढं, मग एक खिशात घातला. थोड्या वेळानं टिकलीची टोपी खाली पडली, तेव्हा ती उचलायला मिळाली म्हणून त्याला बरं वाटलं.

रिसेप्शनपाशी बायको थांबली. उद्या सकाळी प्रवाळ बघायला बोट जाते म्हणे, तळाला काच असलेली. खुर्ची जाते का बोटीत?

“जाते ना. दोघींचं लिहू, की तिघांचं?”

बायकोनं टिकलीच्या केसांतली एक साल काढली, दुसरी काढली, तिसरी राहू दिली.

“तिघांचं,” ती म्हणाली.

बाईनं तीन नावं लिहून घेतली, त्यांच्यापुढं तीन वयं लिहिली आणि पेन पुढच्या रकान्यावर नेलं.

“बोटीत चढताना-उतरताना मदत कोणाला लागेल?” तिनं विचारलं आणि शिरस्त्याप्रमाणं तिची नजर खुर्चीकडं गेली.

“मला नको,” बायको म्हणाली. “फळी आहे.”

“बाळाला?”

“ती मांडीवर असेल.”

बाईनं पेन तसंच धरून ठेवलं. बायकोनं चाकं फिरवून खुर्ची खोलीच्या वाटेला लावली.

“त्याला विचारा,” ती म्हणाली आणि निघाली.

बाईनं मान वर केली. मोजणीदार काउंटरसमोर उभा होता, हातात टिकलीची टोपी, पायांना भुसा.

“साहेब,” बाईनं अगदी मायेनं विचारलं, “तुम्हाला लागेल का?”