हसणारी प्रत

मी घरी नाही म्हणून सांग, अशी बाईंनी हातानेच खूण केली. सून स्वभावाने सरळ. तिने फोनमध्ये सांगून टाकलं, “त्या घरी नाहीत म्हणतायत.”

पलीकडे बाईंचे जुने स्नेही, ज्यांना त्या ऑपरेटर म्हणत, इतके हसले की खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. मग त्यांनी निरोप ठेवला: पुस्तकावरचा सिनेमा लागलाय, रविवारी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली आहेत, बाई घरी नसल्या तरी त्यांना तयार राहायला सांगा.

कुठलं पुस्तक, हे विचारायची गरज नव्हती. बाई नोकरी करायच्या पाणीपुरवठा खात्यात, पण त्यांचा जीव होता दृष्टिहीनांच्या वाचनालयात. दर शनिवारी तिथल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या कोंदट खोलीत बसून त्या कॅसेटवर पुस्तकं वाचायच्या. तिथले नियम कडक होते. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळं वाचायचं, प्रकाशकाचा पत्तासुद्धा. स्वतःचं नाव सांगायचं नाही. रडायचं नाही, हसायचं नाही. अडखळलात तर टेप मागे फिरवून पुन्हा वाचायचं. बाईंनी हे नियम वर्षानुवर्षं पाळले आणि एकदाच मोडले, ते या पुस्तकापायी.

पुस्तकात एक सरकारी बस वळण चुकते आणि थेट अंतराळात जाते. कंडक्टर मात्र ड्यूटीवरच असतो. एका थांब्यावर नुसत्या वाफेचा बनलेला प्रवासी चढतो आणि बसभर पसरतो. कंडक्टर म्हणतो, “ओ वाफेराव, दारात उभे राहू नका, आत सरका.” वाफेराव म्हणतात, “मी सगळीकडेच उभा आहे.” कंडक्टर म्हणतो, “मग सगळीकडून आत सरका.”

इथे बाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग दाबायला गेल्या म्हणून आणखी जोरात. टेप थांबवायचं भान राहिलं नाही, आणि तपासणाऱ्याला त्याच दिवशी डुलकी लागली. प्रती निघाल्या, घरोघरी गेल्या. ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला आणि ते पान पुन्हा वाचून घेतलं. पण नवी प्रत कोणी नेईना. लोक काउंटरवर येऊन स्पष्ट सांगायचे, आम्हाला हसणारी प्रत द्या.

ऑपरेटर त्यातलेच एक. जन्मापासून दृष्टी नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी झाली. बाईंनी वाचलेलं प्रत्येक पुस्तक त्यांनी ऐकलेलं. पुढे कॅसेटी गेल्या, ग्रंथपाल गेले, वाचनालयही दोन खोल्यांतून एका खोलीत आलं, पण या दोघांची मैत्री राहिली ती फोनवर.

मग बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली एक खरखर, करवतीने ओलं लाकूड कापल्यासारखी. तेव्हापासून बाई ऑपरेटरांना टाळत होत्या. इतर लोकांकडे निदान बाईंचा चेहरा होता. या माणसाकडे बाईंचा फक्त आवाज होता. त्यावर ही खरखर एकदा चढली की तो जुना आवाज जगात कुठेच उरणार नाही, अशी त्यांना भीती होती. हे त्या कोणाला सांगत नव्हत्या, आणि सांगणार तरी कशाने?

रविवारी बेल वाजली. सून नेमकी अंघोळीला गेलेली. बाईंनी दार उघडलं आणि गप्प उभ्या राहिल्या.

“बाई, तुम्हीच आहात,” काठी बगलेत धरून ऑपरेटर म्हणाले. “सूनबाई असत्या तर एव्हाना चहा विचारला असता.”

बाईंनी डोळे मिटले आणि बोलल्या. “आवाज गेला हो माझा.”

ऑपरेटर मान तिरकी करून ऐकत राहिले, जणू बाईंचं बोलणं अजून चालूच आहे.

“मी जन्मभर खराब लाइनवर काम केलं,” ते म्हणाले. “पलीकडचं माणूस ओळखू आलं की झालं. चला, सुरुवातीच्या नावांच्या पाट्या चुकतील. तुम्हाला पहिल्या अक्षरापासून वाचावं लागणार आहे.”

थिएटरात बाई त्यांच्या कानाशी लागून सांगत राहिल्या. बस कशी आहे, कंडक्टर केवढा आहे, आता दाराबाहेर चांदण्या दिसतायत. सुरुवातीला त्यांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटत होती. मग सांगण्याच्या नादात ती कुठे गेली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

वाफेराव चढले. बस पांढरी झाली. कंडक्टरने आपलं वाक्य म्हटलं. आणि बसच्या लाउडस्पीकरमधून एक बाई हसली. आधी नाकातून, मग दाबायला गेली म्हणून आणखी जोरात. मागे जुन्या टेपची बारीक खसखस होती. सगळं थिएटर तिच्याबरोबर हसलं.

बाई तेवढ्या गप्प बसल्या होत्या. ऑपरेटरांनी अंधारात त्यांचं मनगट घट्ट धरलं.

मागच्या रांगेतला कोणी जाणकार कुरकुरला, “हे पुस्तकात नव्हतं.”

ऑपरेटर मागे वळले. “आमच्या पुस्तकात होतं,” म्हणाले.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. ऑपरेटर हलले नाहीत. मलपृष्ठ राहिलंय, असं त्यांनी बजावलं. पडद्यावर नावं वर सरकत होती आणि बाई एकसुरात वाचत होत्या: सुतारकाम, रंगकाम, गाड्यांची व्यवस्था, भोजन. सफाईवाला झाडू घेऊन आत आला आणि या दोघांना पाहून दाराशीच थांबला. मग दिग्दर्शकाची एक ओळ आली.

“ज्यांच्या हसण्याशिवाय...” बाई अडखळल्या. पुढचं निघेना.

“टेप मागे फिरवा,” ऑपरेटर म्हणाले. “परत वाचा.”

“ओळ वर गेली.”

“तुमची नजर गेली असेल ना तिच्यावरून? मग म्हणा.”

बाईंनी घसा खाकरला. पदराने डोळे पुसले आणि मन लावून, न अडखळता म्हटलं, “ज्यांच्या हसण्याशिवाय माझ्या आंधळ्या बाबांनी ऐकलेलं हे पुस्तक अपुरं राहिलं असतं, त्या वाचनालयातल्या बाईंना. आम्हाला त्यांचं नाव ठाऊक नाही. कॅसेट अजून घरी आहे. परत केली नाही, माफ करावं.”

ऑपरेटरांनी नुसती मान हलवली. बाईंना मात्र त्या न पाहिलेल्या घरातल्या बापलेकांचे पाय धरावेत असं वाटलं. आपला आवाज कोणीतरी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता, आणि आपण उगीच त्याला मेलेला समजून बसलो होतो.

नावं अजून बाकी होती. त्यांनी ती सगळी वाचली. पडदा पांढरा झाला तेव्हा दर पुस्तकाच्या शेवटी म्हणायच्या तेच त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या.

“पुस्तक संपलं. कॅसेट मागे फिरवून परत करावी.”

मग ऑपरेटर उठले, काठी उघडली, आणि बाईंच्या कोपराला हात लावून पायऱ्या उतरू लागले.