पान एक्केचाळीस

फोन कानाला लावून टेविया खोलीभर नुसत्या येरझारा घालत होती. तुरुंगातून येणारा फोन पंधरा मिनिटांत तुटतो म्हणजे तुटतो, आणि तिच्या थोरल्या भावाने, कॉर्डेलने, त्यातली सहा मिनिटं तुरुंगातल्या बेचव मक्याच्या पावाची निंदा करण्यात घालवली होती!

"आणि हो, वकिलाचं पत्र आलंय," तो म्हणाला. "अपिलात मांडण्यासारखं काही नाही, मला या कामातून मोकळं करा, असं त्याने वरच्या कोर्टाला कळवलंय. संपलं सगळं, टेवी."

"कधी आलं?"

"झाले सव्वीस दिवस."

टेविया भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धावली. प्रोबेशन, म्हणजे ठरल्या दिवशी हजेरी द्यायच्या अटीवरची सुटका, मोडलं म्हणून त्याला सहा वर्षं आत टाकलं होतं. सहा! "शेवट वाच. मोठ्याने!"

"'तुमचं स्वतःचं म्हणणं तीस दिवसांत कोर्टाला...'" तो वाचू लागला.

"अरे शहाण्या! वकील चाललाय, अपील नाही! चार दिवस आहेत अजून."

"मग लिहितो की! मी सुधारलोय, आईची शपथ, दर रविवारी प्रार्थनेला..."

"रडगाणं नको! वरचे न्यायाधीश फक्त सुनावणीचे कागद बघतात. वकिलाने गठ्ठा पाठवलाय ना? प्रोबेशनवाल्या बाईची साक्ष काढ. तू तीनदा आला नाहीस म्हणाली ती. मग वकिलाने विचारलं, तुमच्या कचेरीच्या दारातलं हजेरीचं रजिस्टर पाहिलंत का? तेव्हा काय म्हणाली? मी कोर्टात मागच्या बाकावर होते, मी ऐकलंय!"

कागदांची सळसळ. टेविया नखं खात होती. अजून सळसळ.

"इथे नाहीये गं."

"नीट बघ!"

"थांब... पान एक्केचाळीस. 'रजिस्टर मी पाहिलेलं नाही.'" त्याचा आवाज एकदम बदलला. "टेवी, मी तिन्ही वेळा सही केली होती."

"तेच लिही! पान, ओळ, सगळं. आणि आजच तुरुंगाच्या टपालात..."

फोन तुटला. त्याला ऐकू गेलं असेल का? त्यानंतरचे दोन दिवस तिने शाळेत एक अक्षर ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"टाकलं," कॉर्डेल म्हणाला. "त्याच दिवशी. पहारेकऱ्याकडून तारीख घालून घेतली, कोर्ट तीच धरतं."

"आणि रडगाणं?"

"एकच ओळ. खाली. बारीक अक्षरात."

"कॉर्डेल!"

"राहू दे गं. ती ओळ खरी होती."