हातांनी मारलेली उडी

दिवसातल्या तिसऱ्या शाळेच्या सभागृहात शिरल्यावर ताईने आधी टाच जमिनीवर आपटून पाहिली. बद्द आवाज आला. काँक्रीटवर थेट बसवलेली फरशी. खाली लाकूड नाही.

"इथेही तेच."

"मग उड्या गाळ," धाकटी वायरींचा गुंता सोडवत म्हणाली. गाडी चालवणं, संगीत लावणं आणि माईकवर मुलांना बॅले समजावून सांगणं तिच्याकडे होतं.

"गाळू कशी? पत्रकात छापलंय, 'मोठी उडी'."

"पत्रकाला नडगी नसते गं."

ताईच्या नडगीला केसाएवढी चीर होती. एक्स-रे मंगळवारी काढला होता. डॉक्टरांनी आठ आठवडे उडी बंद सांगितली होती. रंगमंचावरच्या भूमिका संपल्यावर नृत्यसंस्थेने तिला हे शाळांचे प्रयोग दिले होते. चिरेचं कळवलं असतं तर ते एखाद्या तरुण मुलीकडे गेले असते आणि परत आले नसते. म्हणून तिने कळवलं नव्हतं, आणि धाकटीला शपथ घातली होती. सकाळपासून बावीस उड्या झाल्या होत्या.

मुलं येऊन मांडी घालून बसली. पहिली दहा मिनिटं निभावली. मग उडीचं संगीत आलं. ताई तीन पावलं धावली आणि तिच्या शरीराने परस्परच वेगळं काही केलं. पाय फरशीवरच राहिले. दोन्ही तळवे पायांसारखे हवेत फाकले आणि मिटले. सरावात पाय वाचवायला सगळेच नर्तक असं हातांवर भागवतात. प्रेक्षकांसमोर तिने हे कधी केलं नव्हतं.

धाकटी माईक खाली घेऊन तिच्याकडे बघू लागली. मुलांना मात्र वाटलं, हीच उडी. दोनशे मुलांचे तळवे वर गेले. ताईने उरलेल्या दहाही उड्या तशाच मारल्या. टाळ्या पडल्या. खपून गेलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका उठल्या. "छानच! पण खरी उडी राहिली की हो. एकदाच दाखवा."

"मॅडम, आम्हाला निघायला—" धाकटी म्हणाली.

"अहो, मिनिटाचं तर काम!"

ताई मागे सरकली, धावायला जागा केली, हसली.

"तुमचा पाय दुखतोय?" पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

"का गं?"

"माझी आजी जिना चढायच्या आधी अश्शीच हसते."

ताई थांबली. मग धाकटीकडे हात करून तिने माईक घेतला.

"हाड चिरलंय माझं. मी उडी मारणार नाही."

"अगंबाई! मग आधी नाही का सांगायचं?" मुख्याध्यापिकांनी स्वतःच खुर्ची ओढून आणली. मुलांनी चीर केवढी, प्लास्टर घालणार का, रडलात का, सगळं विचारून घेतलं. ताईने बसल्या बसल्या उत्तरं दिली.

सभागृह रिकामं झालं. धाकटी वायर गुंडाळत होती. "दोनशे मुलं घरी जाऊन सांगणार आता."

"संस्थेला फोन लाव."

"मी बोलू?"

"नको. लावून दे नुसता."

धाकटीने लावून दिलेल्या फोनवर रिंग वाजू लागली. ताईने पाय समोरच्या बाकावर ठेवला आणि फोन कानाला लावला.