ट्रे कोण आणणार

"मी ट्रे घेऊन येणार नाही," असं देवयानीने जाहीर केलं तेव्हा खंडेराव पेपर वाचत होते, आणि वाचतच राहिले. केंद्र सरकारच्या नोकरीत ते एक गोष्ट नीट शिकले होते. समोर आलेल्या विषयाकडे लगेच पाहिलं नाही, तर निम्मे विषय आपोआप मिटतात. हा मिटला नाही.

"चहा, पोहे, पाणी, काहीच आणणार नाही. बसेन, बोलेन, विचाराल ते सांगेन. पण चहा आणायला कुणी मला उठवलं ना, तर मी उठेन आणि तशीच ऑटोत बसून निघून जाईन. बिल्कुल सीरियसली सांगतेय, बाबा."

खंडेराव आणि मी एकाच मंत्रालयात होतो आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून राहिलो. निवृत्त झाल्यावर गाझियाबादला एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले, कारण बिल्डरने 'दिल्लीपासून दहा मिनिटं' असं छापलं होतं. ती दहा मिनिटं कुणाच्या घड्याळातली, हे छापलं नव्हतं. सांगायचा मुद्दा, देवयानीला मी रांगताना पाहिलंय आणि ट्रे आणतानाही पाहिलंय. ट्रे तिने आधी दोनदा आणला होता.

पहिल्या वेळी मुलाच्या मावशीने तिला खिडकीपर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं होतं. चाल बघायची होती म्हणे. दुसरी मंडळी फारच चांगली होती. त्यांनी पोहे पुन्हा मागून घेतले, लिंबू पिळून घेतलं, आणि दारात चपला घालताना म्हणाले, "कळवतो." त्यानंतर खंडेरावांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं. न जाणो, फोन यायचा. फोन बिघडलाय का बघायला त्यांनी मला माझ्या घरून फोन करायला लावला. फोन उत्तम चालू होता.

आता तिसरं स्थळ. स्थळ म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी, कारण देवयानी आणि अनुराग नेहरू प्लेसला एकाच कंप्यूटर कंपनीत होते आणि त्यांचं सगळं ठरलेलं होतं. आईवडिलांनी हो म्हणायचं तेवढं शिल्लक होतं. अनुरागचे वडील सूर्यकांत संरक्षण खात्याच्या हिशेबांतून निवृत्त होऊन गुडगावला नव्या फ्लॅटात राहत होते. आई विजयालक्ष्मीबाईंनी देवयानीच्या आईला, म्हणजे आमच्या भानुमतीवहिनींना, फोनवर अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं, "आम्हाला बघायचं-बिघायचं काही नाही हो. नुसता चहा. मुलीच्या हातचा चहा घेतला की झालं."

वहिनींनी फोन ठेवला आणि मला बोलावून घेतलं. "श्रीरंगभावजी, त्या म्हणतात मुलीच्या हातचा. ही म्हणते हात लावणार नाही. मी काय करू?"

तोडगा अनुरागने काढला. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागे हस्तकलांचं एक लहानसं संग्रहालय होतं. उदारीकरणाची हवा तिथपर्यंत पोचली होती आणि अंगणात रेस्टॉरंट निघालं होतं. गाझियाबादकरांना तेवढंच लांब, गुडगावकरांना तेवढंच लांब. ना कुणी कुणाच्या घरी, ना कुणाच्या घरचा ट्रे.

"बघण्याचा कार्यक्रम म्युझियममध्ये?" खंडेराव म्हणाले.

"चांगलंय की," देवयानी म्हणाली. "तिथे निदान हात लावू नका अशी पाटी तरी असते."

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी माझ्या फियाटमधून आम्ही चौघं तिथे पोचलो. मध्यस्थ म्हणून मी हवाच होतो. अंगणात एक कडुलिंब, मातीचे माणसाएवढे घोडे, आणि भिंतीला टांगलेली जुनी कोरीव दारं, ज्यांच्या मागे खोल्या नव्हत्या. गुडगावची मंडळी आधीच येऊन दारं बघत उभी होती. सूर्यकांतांनी बंद गळ्याचा कोट घातला होता. विजयालक्ष्मीबाईंच्या साडीची घडी त्याच दिवशी मोडलेली होती. नमस्कार झाले. "ट्रॅफिक लागला का?" "तुम्हाला?" "नाही नाही, रविवार ना." "हो, रविवार." एवढं झाल्यावर सगळ्यांना मोकळं वाटलं आणि आम्ही बसलो.

वेटर आला. कडक इस्त्रीचा कुडता, हातात पाठ्यपुस्तकाएवढा मेनू. "सर, चाय के साथ कुछ स्नॅक्स लेंगे?"

इथे जरा थांबून आपल्या लोकांची एक पद्धत सांगितली पाहिजे. आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नमस्कार असतो. दुसरं 'नको' घरच्या बाईने केलेल्या कष्टांची दखल म्हणून असतं. तिसऱ्या वेळी कुणी विचारत नाही, बशी सरळ हातात येते, आणि मग माणूस "अहो एवढं कशाला" म्हणत ती संपवतो. हे सगळं चालतं, कारण घर असतं, आणि घरात आग्रह करणारं कुणीतरी असतं.

"नहीं नहीं," सूर्यकांत म्हणाले. "हम घर से खा के आये हैं."

"हम भी," खंडेराव म्हणाले. वास्तविक कार्यक्रमाला न्याय देता यावा म्हणून त्यांनी सकाळपासून अर्धी पोळी खाल्ली होती.

"चाय?"

"अभी हुई," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या.

"अच्छा है, अभी रहने दो," भानुमतीवहिनी म्हणाल्या.

वेटर म्हणाला, "ओके मॅम," आणि मेनू काखेत घालून निघून गेला.

आम्ही सगळे त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. दिल्लीतल्या कुठल्याही हलवायाने निदान एकदा "अरे, ले लो जी" म्हटलं असतं. हा एकदाच विचारायला शिकलेला होता. आणि खरी अडचण पुढे आली. त्याला परत बोलवायचं कुणी? खंडेराव मुलीकडचे, म्हणजे यजमान. पण जागा अनुरागने ठरवलेली, म्हणजे यजमान सूर्यकांत. दोघांनाही वाटत होतं की आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने मागायचं नसतं. मी मध्यस्थ. मध्यस्थाने खायचं असतं, मागवायचं नसतं.

"तुम्ही दोघं जरा म्युझियम बघून या," विजयालक्ष्मीबाई मुलांना म्हणाल्या. "ओळख होईल."

वर्षभर रोज एकत्र डबा खाणारी ती दोघं निमूटपणे ओळख करून घ्यायला गेली. वडीलधाऱ्यांचा बोलण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गुडगावला पाण्याचा टँकर येतो. गाझियाबादला वीज जाते. गुडगावला वीजही जाते. गाझियाबादला टँकरही येत नाही. नव्या वस्त्यांची सगळी सुखं सांगून झाली तेव्हा शेजारच्या टेबलावर तीन बायकांपुढे एक तिमजली स्टँड आला. तळमजल्यावर सँडविच, मधल्या मजल्यावर छोटे सामोसे, गच्चीवर केक. आम्ही त्याकडे अजिबात पाहत नव्हतो. सूर्यकांत न पाहताच म्हणाले, "सामोसे बरेच लहान करतात हल्ली."

"बटाटा महागला असेल," खंडेराव न पाहताच म्हणाले.

मुलं परत आली. "काही मागवलं नाही?" अनुरागने विचारलं.

"नको रे," त्याची आई म्हणाली. "भूक कुणाला आहे?"

एवढ्यात वेटर पुन्हा आला. या वेळी मेनू नव्हता. "सर, अगर कुछ लेना नहीं है तो... बाहर गेस्ट वेट कर रहे हैं."

निवृत्त झालेल्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी एकाच वेळी टेबलाच्या कडेला हात नेला. घंटी शोधत होते. ती वाजवली की शिपाई येतो आणि पुढचं तो बघतो, ही तीस वर्षांची सवय. घंटी नव्हती. खंडेरावांचा चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखत होतो. फोन चालू आहे असं मी सांगितलं होतं, तेव्हा हाच होता.

भानुमतीवहिनींना ते बघवलं नाही. आणि जन्मभर घरात अडचण आली की ज्या दिशेला वळायचं, त्याच दिशेला त्या वळल्या.

"देवयानी, जा गं बाळा, जरा चहाचं बघ."

शब्द बाहेर पडले आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. पण उशीर झाला होता. विजयालक्ष्मीबाई एकदम सावरून बसल्या. "हो, हो, बघ हो," त्या उत्साहाने म्हणाल्या. हाच तर चहा त्यांना हवा होता.

देवयानी उठली. तिने खुर्चीवरची पर्स उचलून खांद्याला लावली. फाटकाबाहेर ऑटो उभे होते, ते आमच्या टेबलावरून स्वच्छ दिसत होते. तिने एकदा आईकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं.

"तू बस," अनुराग म्हणाला. "मी आणतो."

"अरे, वेटर आहे ना," सूर्यकांत म्हणाले.

"त्याला तुम्ही सगळ्यांनी मिळून नको म्हटलंय, बाबा." आणि तो काउंटरकडे चालू लागला.

देवयानी बसली नाही. पर्स खांद्याला, एक हात खुर्चीच्या पाठीवर, अशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघराच्या दारातून अनुराग बाहेर आला. दोन्ही हातांत भला मोठा ट्रे. मागे वेटर. "सर, मैं लेता हूँ, सर," असं म्हणत तो ट्रे मागत होता आणि हा देत नव्हता.

सहा फूट उंचीचा तो मुलगा मान खाली घालून, नजर कपांवर ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत अंगण ओलांडू लागला. मातीच्या घोड्याला वळसा घातला. कप किणकिणत होते. ट्रे घेऊन मान खाली घालून येणाऱ्या मुलींना आपण इतकी वर्षं लाजऱ्या म्हणत आलो. त्यांना फक्त चहा सांडायची भीती वाटत असते, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या तीन बायकांनीही खाणं थांबवलं होतं. भानुमतीवहिनी तर डोळे बारीक करून त्याची चाल बघत होत्या.

ट्रे टेबलावर टेकला आणि सगळ्या बशांत तळी झाली.

"सांडलास ना!" विजयालक्ष्मीबाई कळवळून म्हणाल्या. "घरी कधी कप उचलू दिला नाही हो याला. माझंच चुकलं."

"असू दे हो," भानुमतीवहिनी म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."

बोलून झाल्यावर दोघींना काय बोललो ते कळलं. आधी विजयालक्ष्मीबाई हसल्या. हसताहसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्या थांबेनात.

"मला बघायला आले होते ना, तेव्हा मी यांच्या धोतरावर सांडला होता," त्या म्हणाल्या.

"पँट होती," सूर्यकांत म्हणाले. "पांढरी."

"आणि यांच्या आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, मुलीला दिसतं ना नीट? मी आत जाऊन इतकी रडले!" त्यांनी कप उचलला, बशीतला चहा कपात ओतला, आणि जरा वेळ कपाकडेच बघत राहिल्या. "आणि मी फोनवर काय म्हटलं? मुलीच्या हातचा. कशाला म्हटलं असेन मी?" मग देवयानीकडे वळून म्हणाल्या, "बस गं. उभी का? याने सगळं गार करून आणलंय, पण घे."

देवयानीने पर्स खांद्यावरून काढली आणि खुर्चीला अडकवली. बसली. अनुरागने सामोशांची प्लेट पुढे केली तेव्हा तिने एकदाही नको न म्हणता दोन घेतले.

मग ती प्लेट खंडेरावांपुढे आली.

"नको, नको," खंडेराव म्हणाले.

"घ्या हो, काका."

"नको, खरंच नको."

अनुरागने पुढे काही विचारलं नाही. सरळ तीन सामोसे त्यांच्या बशीत ठेवले. खंडेराव म्हणाले, "अहो, एवढं कशाला!" आणि बाजूला वाकून माझ्या कानात कुजबुजले, "मुलगा वळणाचा आहे."

त्यानंतर तिमजली स्टँडही आला, पुन्हा चहाही आला. बाहेर ताटकळलेल्या गेस्टना काय झालं ते मला माहीत नाही.

निघताना फाटकापाशी विजयालक्ष्मीबाई घुटमळल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मग... कळवाल ना?"

खंडेराव ताठ उभे राहिले. आवाज खाकरून स्वच्छ केला आणि एकेक अक्षर चवीने उच्चारत म्हणाले, "कळवतो."

"अहो!" भानुमतीवहिनींनी कोपर मारलं. पण गुडगावकरांची मारुती तोवर वळली होती. मागच्या काचेतून विजयालक्ष्मीबाई आमच्याकडे बघत होत्या. तो चेहराही मला ओळखीचा वाटला.

आम्ही परत निघालो. आयटीओचा चौक गेला. यमुनेचा पूल गेला. खंडेराव खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांना शोभेल असा विजयी भाव काही केल्या चेहऱ्यावर येत नव्हता. पूल उतरल्यावर पिवळ्या पाटीचं एक पीसीओ दिसलं.

"श्रीरंग, थांब जरा."

ते उतरले, बूथमध्ये शिरले, नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. बराच वेळ झाला. बाहेर दोन माणसं रांगेत लागली. देवयानीने काच खाली केली.

"बाबा, ते अजून धौला कुआँला पण पोचले नसतील, यार! घरी कुणी नाहीये. काय करताय?"

खंडेरावांनी रिसीव्हरवर हात ठेवला. पलीकडे माणूस नव्हता, तरीही.

"वाजू दे," ते म्हणाले. "त्यांनी कुलूप उघडलं की आतून फोन वाजताना ऐकू आला पाहिजे."

मी इंजिन बंद केलं.