जहाजावरचा काकडीचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला आणि अतिशय स्वच्छ चिमटा आहे. स्वच्छतेचे हे प्रमाणपत्र मी स्वतःला दिलेले नाही. मला इतक्या वेळा ब्लीचच्या पाण्यात बुडवले आहे की माझ्याजवळ कोणी आले तर त्याचे डोळे चुरचुरतात. पूर्वी माझ्या अंगाला काकडीचा वास येत असे. आता काकडीलाच माझा वास येतो.

माझा जन्म स्टीलच्या एका पत्र्यातून झाला. यंत्राने वरून दाबले आणि आम्ही भावंडे पटापट खाली पडलो. आमच्या आईला, म्हणजे त्या पत्र्याला, मागे फक्त भोके उरली. माझा सख्खा भाऊ एका हॉटेलात बर्फाच्या बादलीत लागला. एक चुलतभाऊ दवाखान्यात चिकटला. घराण्यात शिकलेला तोच, त्यामुळे तो कोणाला ओळख दाखवत नाही. मला एका मोठ्या प्रवासी जहाजावर पाठवले. सगळे म्हणाले, "नशीब काढलंस, जग बघशील." मी गेलो आणि काकडी बघितली.

ते जहाज म्हणजे अख्खे गाव उचलून पाण्यावर ठेवल्यासारखे होते. त्यात दुकाने होती, नाचघर होते, आणि भर समुद्रात पोहण्याचा तलावही होता. लोक समुद्राकडे पाठ करून त्यात डुंबत. सर्वांत मोठी खोली जेवणाची. तिच्या एका बाजूला लांबच लांब काचेच्या खिडक्या आणि खिडक्यांना लागून जेवण मांडायचे लांब टेबल. ज्याने त्याने यावे आणि हवे ते आपल्या हाताने वाढून घ्यावे, अशी पद्धत. माझी नेमणूक काकडीच्या ताटात झाली.

आता मित्रांनो, चिमटा कशासाठी असतो? लोकांचे हात अन्नाला लागू नयेत म्हणून. त्यामुळे ते सगळे हात मला लागत. हा हिशेब इतक्या वर्षांत एकाही माणसाच्या डोक्यात आला नाही. एक मावशी रोज कौतुकाने म्हणत, "चिमटा ठेवलाय ते बरं केलंत हो. नाहीतर लोक काय, कुठेही हात घालतात!" त्या मावशी तेव्हा स्वच्छतागृहातून थेट आलेल्या असत आणि त्यांनी फक्त बोटांची टोके ओली केलेली असत. एकदा एका गृहस्थाने मला घेऊन पाठ खाजवली आणि मला परत काकडीत ठेवले. काकडी काही बोलली नाही. काकडीचा स्वभावच तसा.

हात धुवायला जागा नव्हती असे मात्र नाही. बेसिन दाराशीच होते, साबणासकट. लोक त्याच्याकडे दूरच्या नातेवाइकाकडे पाहावे तसे पाहून पुढे सरकत. शेजारी जेलची एक बाटली होती. ती एक थेंब हातावर टाकायची आणि माणसाला वाटायचे, पापे धुतली गेली. बाटली फार तोऱ्यात असे.

मी ज्याच्या ताब्यात होतो तो तरुण वाढपी होता. ताटे भरणे, टेबल पुसणे आणि दर थोड्या वेळाने मला धुवायला पाठवून ताजा चिमटा ठेवणे ही त्याची कामे. माणूस कामाला चोख होता, पण त्याला एक व्यसन लागले होते. तो जहाजावर असताना घरी त्याला मुलगी झाली होती. सात महिन्यांची झाली, तरी त्याने तिला प्रत्यक्ष पाहिले नव्हते. म्हणून तो फोनमधला तिचा फोटो दाखवत सुटे. काकडी मागणाऱ्यालाही फोटो मिळे. न मागणाऱ्यालाही मिळे.

त्याच्या शेजारी सूपच्या मोठ्या भांड्याशी एक ताई उभ्या असत. वयाने मोठ्या, जिभेने त्याहून मोठ्या. त्या म्हणत, "अरे, तो फोटो मला पाठ झालाय. टोपी उलटी घातलीय, आणि कान तुझ्यावर गेलेत बिचारीचे."

"कानाला काय झालंय ताई?"

"काही नाही. मोठी झाली की केसांत झाकेल."

त्या फेरीत जहाज त्याच्याच गावच्या बंदरात अर्धा दिवस थांबणार होते. बायको आणि मुलगी धक्क्यावर येणार होत्या. तो दिवस जवळ आला तसा वाढपी काकडीच्या चकत्यासुद्धा गुणगुणत मांडू लागला.

आणि मग टोपीवाले काका आले.

हे काका रोज येत, तीन ताटे भरत आणि त्यांतले एक खात. त्या दिवशी त्यांचा चेहरा ओल्या पुठ्ठ्यासारखा दिसत होता.

"काका, बरं नाही का?" वाढप्याने विचारले.

"काही नाही रे. जरा बोट लागली."

समुद्र त्या दिवशी इतका शांत होता की भांड्यातले सूपसुद्धा हलत नव्हते.

ताई म्हणाल्या, "मग खोलीत पडा ना काका. मी सूप पाठवते."

"खोलीत? पैसे काय खोलीत पडायला भरलेत मी?" असे म्हणून काकांनी मला गच्च धरले, काकडी घेतली, टोमॅटो घेतला, पुन्हा काकडी घेतली आणि घाईघाईने निघून गेले. त्या हातावर काय होते ते डोळ्यांना दिसत नव्हते. जे दिसत नाही त्याला कोणी घाबरत नाही, हाच तर त्याचा धंदा.

दुसऱ्या दिवशी निम्म्या मजल्याला बोट लागली. काहींना लिफ्टमध्ये लागली, काहींना नाचघरात लागली, आणि एका जोडप्याला तर जहाज बांधून ठेवलेले असताना लागली. तरी जो तो हेच म्हणे. कारण पोट बिघडले म्हणावे तर खोलीत बसावे लागेल, आणि खोलीत बसायला कोण तयार? शेवटी कप्तानांनी भोंग्यावरून सांगितले की ही बोट लागलेली नाही, हा पोटाचा विषाणू आहे. तो हातांवरून, दारांच्या कड्यांवरून, आणि चिमट्यांवरूनही पसरतो. तेव्हा ज्याला उलट्या-जुलाब आहेत त्याने खोलीतच राहावे, आणि बरे वाटल्यावरही पुढचे दोन दिवस बाहेर पडू नये. हात साबणाने आणि पाण्याने नीट चोळून धुवावेत. जेलवर विसंबू नये, हा विषाणू जेलला फारसा जुमानत नाही.

बाटलीचा तोरा तिथेच उतरला. बेसिनपुढे रांग लागली. बेसिन बिचारे इतके भांबावले की एकदा तुंबले.

आणि माझे नशीब पालटले. यापुढे प्रवाशांनी वाढायच्या वस्तूंना हात लावायचा नाही, वाढपीच वाढेल, असा हुकूम निघाला. इतकी वर्षे मी येईल त्याच्या हातात गेलो होतो. आता मी एकाच माणसाचा झालो, आणि तोही हातमोजे घातलेला. मित्रांनो, तो सन्मान होता. प्रवाशांना मात्र तो अपमान वाटला.

"एवढंसंच? मी काय चिमणी आहे का?" मावशी ताट पुढे करून म्हणाल्या.

"पुन्हा या ना मावशी, पुन्हा वाढतो."

"पुन्हा येऊ? लोक काय म्हणतील!"

असे दोन दिवस गेले. बंदर परवावर आले. आणि त्या सकाळी वाढप्याने मला उचलले तेव्हा मी गरम झालो. मी स्टीलचा आहे, मला ताप येत नाही.

त्याच्या कपाळावर घाम होता. मध्येच तो मला खाली ठेवून धावत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. हात धुतले, नवे हातमोजे घातले, मग त्याच हातमोज्याच्या पाठीने ओठ पुसले आणि मला उचलले. हातमोजा म्हणजे काही चिलखत नव्हे. तो जिथे लागेल तिथले घेतो आणि पुढच्याला देतो. अगदी माझ्यासारखा.

ताईंनी सूप ढवळणे थांबवले.

"तोंड का उतरलंय रे?"

"झोप नाही झाली ताई."

"झोप न झाल्यानं माणूस हिरवा होत नाही."

"बोट लागली असेल."

"सहा वर्षं बोटीवर आहेस. आज लागली?"

तो अगदी हळू म्हणाला, "ताई, परवा बंदर आहे. आज सांगितलं तर मला खोलीत टाकतील. पुढचे दोन-तीन दिवस दार उघडणार नाहीत. ती सात महिन्यांची झाली ताई. मी तिला अजून उचललं नाहीये."

ताई सूपकडे बघत राहिल्या. "माझं तोंड बंद आहे. मी कोणाला सांगणार नाही. तुझं तू बघ. फक्त एवढंच, माझी पोरं या रांगेत असती ना, तर मी त्यांना तुझ्या हातचं घेऊ दिलं नसतं."

"मी हात धुतोय ना!"

"मग प्रश्नच मिटला," ताई म्हणाल्या आणि पुन्हा सूप ढवळू लागल्या. प्रश्न मिटलेला नव्हता हे त्या भांड्यालाही कळले असते.

तेवढ्यात एक आजोबा रांगेत पुढे आले. त्यांच्या हातात दोन ताटे होती.

"हे ताट आमच्या हिचं बरं का. मोठ्या ऑपरेशनातून उठलीय, डॉक्टरांनी बाहेरचं खायचं नाही म्हणून सांगितलंय. पण मी तिला म्हटलं, तो काकडीवाला मुलगा सारखे हात धुतो, मी बघतो ना रोज. त्याच्या हातचं चालेल तुला. पातळ चकत्या घाल, बाबा."

वाढप्याने मला काकडीत घातले. पातळ चकत्या निवडल्या. मला उचलून त्या आजींच्या ताटावर धरले. आणि मी तसाच अधांतरी राहिलो. मागची माणसे चुळबुळ करू लागली.

"आजोबा," तो म्हणाला, "हे घेऊ नका. या ताटातलं कोणीच काही घेऊ नका."

त्याने मला खाली ठेवले, दोन पावले मागे सरकला आणि मोठ्या आचाऱ्यांना हाक मारली. मोठे आचारी म्हणजे जहाजावरचे सर्वांत कडक गृहस्थ. ते हसले तर मीठ कमी पडते अशी ख्याती.

"सर, माझं पोट बिघडलंय. सकाळपासून."

आचाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले. "परवा तुझं बंदर आहे."

"हो सर."

"लक्षात आहे ना?"

"दुसरं काही लक्षातच नाहीये, सर."

आचाऱ्यांनी सगळी काकडी, सगळे टोमॅटो, सूपसुद्धा फेकून द्यायला लावले. सूप फेकताना ताई भांड्याला काहीतरी बोलल्या, ते मी इथे सांगत नाही. टेबल, खुर्च्या, कडे, कठडे, सगळे ब्लीचने पुसले. मी सबंध दुपार त्या पाण्यात बुडून होतो. वाढप्याला सर्वांत खालच्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूच्या एका खोलीत ठेवले आणि दार लावले.

तिसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागले. ताईंकडे त्या दिवशी सूप आणि काकडी दोन्ही होते. खिडकीखाली धक्का होता. धक्क्यावर निळ्या छत्रीखाली एक बाई उभी होती आणि तिच्या कडेवर टोपी घातलेले एक मूल. टोपी सरळ होती. तरी कान लपत नव्हते.

ताईंचा फोन वाजला. त्यांनी तो खांद्याने कानाशी धरला.

"ताई, त्या आल्यात म्हणे. माझ्या इथून नुसता समुद्र दिसतोय. तुम्हाला दिसतात का?"

"दिसतात."

"कशी आहे?"

"थांब जरा." ताईंनी इकडेतिकडे पाहिले. हलवून दाखवण्यासारखे दुसरे काही हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी मला उचलले आणि काचेजवळ धरून जोरजोराने हलवले. उघड, मीट, उघड, मीट. खाली त्या बाईने वर पाहिले आणि मुलीला बोट दाखवले. मुलीने मान वर केली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काकडीचा चिमटा, आणि ज्याला ती बघायला आली होती तो माझ्या पायाखाली कितीतरी मजले खोल, फोन कानाला लावून बसला होता.

"हसली का ताई?"

"हसली. चिमटा बघून हसली. तुला बघितलं असतं तर रडली असती."

फोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला. ताई म्हणाल्या, "नाक पुसलंस ना? आता हात धू."

मित्रांनो, आता माझी कमान सैल झाली आहे. काकडी धरली तर निसटते. मला आता भांडारातल्या एका खोक्यात टाकले आहे, तिथे माझ्यासोबत एक मुका भोंगा आणि बिनझाकणाची एक किटली आहे. मी दमलो आहे. उपदेश करायचेही त्राण नाही, पण कोणी विचारतच नाही म्हणून सांगतो.

एका माणसाने काकडीसाठी आपले दुखणे लपवले. त्याला काकडी मिळाली. दुसऱ्याने आपली लेक दोन दिवसांवर आलेली असताना दुखणे सांगितले. त्याला बंद दार मिळाले. मला न्याय कळत नाही, मी चिमटा आहे. पण त्या आजी त्याच बंदरात आपल्या पायांनी चालत खाली उतरल्या, आजोबांचा हात धरून. धक्क्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि निळ्या छत्रीखालच्या मुलीच्या गालाला हात लावण्याआधी त्यांनी पिशवीतून साबण काढला आणि नळ कुठे आहे म्हणून विचारले.

तुम्हीही विचारत जा. नळ बहुतेक दाराशीच असतो.