स्टेशनची मागची भिंत

स्टेशनला तीन भिंती होत्या, छप्पर होतं, धुराडं होतं, तिकिटाच्या खिडकीला काडीएवढे गजही होते. चौथी भिंत तेवढी नव्हती. चौदा महिने ते शेडमधल्या फळीवर जुन्या चादरीखाली तसंच पडून होतं, आणि कवळीवाल्यांनी त्या चादरीला हात लावला नव्हता.

कवळीवाले हे नाव गल्लीने दिलेलं. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवण्यात त्यांची उभी हयात गेली. माणूस कधी बघायचा नाही. त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा यायचा, त्यावर दात बसवून द्यायचे. उरलेला सगळा वेळ बागेतल्या रेल्वेचा. बुटाच्या खोक्याएवढं इंजिन गवतातून, हौदाला वळसा घालून धावायचं. रुळाच्या कडेला शाळा, गिरणी, पोस्ट, सगळं खऱ्यापेक्षा साडेबावीस पट लहान आणि ऊनपावसात टिकेल असं. कौलं ते कवळीच्याच मसाल्यातून ओतायचे, त्यामुळे रंग देईपर्यंत छपरं हिरड्यांसारखी गुलाबी दिसायची. बघणारे हसायचे. त्यांना त्याचा अभिमान होता.

स्टेशनचं काम थांबलं ते एका दुपारी. धुराडं चिकटवणं चाललं होतं. गोंद असा, की पाच मिनिटं धरून ठेवायचं. हात हलला की धुराडं वाकडं. तेवढ्यात बायको शेडच्या दारात आली. हातात बॅग होती.

"अहो, मी जाते," ती म्हणाली.

"पाच मिनिटं थांब, गोंद ओला आहे," हे म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही.

ती थांबली की नाही, किती थांबली, कुणास ठाऊक. धुराडं मात्र सरळ बसलं. हे बाहेर आले तर फाटक उघडं होतं आणि तिला घेऊन टॅक्सी गेली होती. बहिणीकडे गेली असेल चार दिवस, असं समजून हे पुन्हा आत जाऊन धुराडं बघून आले. आठव्या दिवशी मेहुण्याचा फोन आला, ताई आता परत यायची नाही म्हणून.

भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं. एकतीस वर्षांत शेजाऱ्यांनी त्या घरातून चढा आवाज ऐकला नव्हता, आणि त्यातच काय ते आलं. मग कवळीवाल्यांना दुःख झालं का? खरं सांगायचं तर त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. चौदा महिने त्यांचं अख्खं अंग त्या गालासारखं होतं. उठायचे, कामावर जायचे, जेवायचे, भांडी घासायचे, झोपायचे.

मग एका सोमवारी मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, रविवारी व्हॅन घेऊन येतो. ताईचं शिलाई मशीन न्यायचंय."

"ये की."

"ताईपण येणार आहे. मी एकट्याने उचललं तर काहीतरी मोडून ठेवीन म्हणते."

"बरं," हे म्हणाले आणि भांडी घासायला गेले. पहिलं ताट विसळताना डोक्यात उजेड पडला. तिचं म्हणावं असं घरात आता ते मशीनच उरलं होतं. ते गेलं की तिला या घरात यायला निमित्तच राहणार नव्हतं.

म्हणून असेल, त्यांनी मान वर केली. सिंकच्या वर खिडकी होती आणि खिडकीबाहेर बाग. चौदा महिने ते त्या खिडकीपुढे रोज उभे राहत होते, पण डोळे उघडे असले म्हणून माणसाला दिसतंच असं नाही. त्या संध्याकाळी दिसलं. रुळाकाठच्या त्यांच्या गावातल्या प्रत्येक इमारतीची खिडकीकडे पाठ होती.

दर्शनी बाजू सगळ्या बागेतल्या बाकाकडे. बाकावर हे बसायचे, रेल्वेवाले दोस्त बसायचे, वाहवा व्हायची. खिडकीकडे काय, तर बिनरंगाच्या फळ्या, स्क्रूची डोकी, लोंबणाऱ्या वायरी. हत्तीचे दाखवायचे दात तेवढे बाकाकडे. पोस्टाची मागची फळी तर कुठल्याशा खोक्याची होती, तीही उलटी ठोकलेली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं आणि बाण जमिनीकडे होता.

"तुमच्या गावात मला कुणी तोंडच दाखवत नाही हो," असं ती एकदा म्हणाली होती. त्यांना ते इतकं आवडलं होतं, की बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं होतं. सगळे पोट धरून हसले होते. आज हसू आलं नाही. रडूही आलं नाही. नळ तेवढा वाहत राहिला.

मंगळवारी कामावरून आल्यावर त्यांनी चादर काढली.

एरवी मागची भिंत म्हणजे अर्ध्या तासाचं काम, एक फळी आणि चार स्क्रू. या वेळी त्यांनी स्टेशनला दुसरं तोंड द्यायचं ठरवलं. दार, तीन खिडक्या, दिव्याचा खांब, घड्याळ, एक बाक. पहिलं दार ओततानाच फुगलं, ते फेकलं. दुसरं जमलं. हातांना सगळं आठवत होतं. हात बरे चालले होते, बाकीच्या माणसाचा पत्ता नव्हता. ती बघेल, आणि मग... पुढचं वाक्य ते मनातसुद्धा पुरं करत नव्हते. पण त्या अर्ध्या वाक्यावरच पाच दिवस काम चाललं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शनिवारी स्टेशन जागेवर बसलं. पोस्टासाठीही एक नवी फळी कापून, रंगवून त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवली.

रविवारी ती आली. थोडी बारीक झाली होती. मेहुणा मशीनचा स्टँड सोडवायला बसला.

"पाणी देऊ?" यांनी विचारलं.

"घेते मी."

पेला कुठे असतो हे तिला सांगावं लागलं नाही. नळ सोडला, दोन घोट प्याली आणि पेला तसाच हातात राहिला.

"स्टेशन उलटं बसवलंत का?"

"नाही. दोन्हीकडून तोंड आहे त्याला."

ती दार बघत राहिली, मग घड्याळ, मग एकेक खिडकी. हे मागे उभे होते.

"सुरेख झालंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "पण इथून बघायला आता मी कुठे आहे?"

"मी असतो," हे म्हणाले. "भांडी मीच घासतो ना आता."

ती वळली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"मग कळलं?"

"कळलं."

"चला," ती म्हणाली. त्या 'चला'मध्ये कुठेही थांबायचं नव्हतं. पेला विसळून तिने पालथा घातला. मग भिंतीला टेकलेली फळी तिला दिसली.

"ही पोस्टाची?"

"हो. ती घाण काढून टाकतो."

"नका काढू." पहिल्यांदाच ती थोडी हसली. "रोज सकाळी वाचायचे मी ते. तुमच्या गावात तेवढं एकच माझ्याशी बोलायचं."

बाहेर मेहुण्याने हॉर्न दिला.

या वेळी हे फाटकापर्यंत गेले. मशीन चढलं, ती बसली, व्हॅन कोपऱ्यावरून वळली. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी फाटक धरलं. पाच मिनिटं तरी धरलं असेल. धरून ठेवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

नवी फळी त्यांनी शेडमध्ये नेऊन ठेवली. मग स्वयंपाकघरात आले. घासायला एकही भांडं नव्हतं, तरी सिंकपुढे उभे राहिले. स्टेशनचं तोंड त्यांच्याकडे होतं. पलीकडे पोस्ट होतं. ही बाजू वर, त्यांनी वाचलं, आणि बाणाच्या मागे मागे नजर खाली जमिनीवर नेली. इंजेक्शनचा अंमल उतरताना आधी मुंग्या येतात आणि मग दुखतं, हे त्यांना डॉक्टरांकडून ऐकून चांगलं ठाऊक होतं.

आता दुखायला लागलं.